विश्लेषण : खड्डा पडण्याआधीच रस्ता वाचवता येतो? काय असतो ‘सील कोट’?

पावसाळा आला की रस्त्यांवर खड्डे आणि खड्ड्यांवरून आरोप-प्रत्यारोप, हे दरवर्षीचे चित्र. खड्डे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये, तर जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यावी, असे मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये बजावले. खड्डा निदर्शनास आल्यावर ४८ तासांत बुजवण्याचेही आदेश दिले. पण खड्डा पडूच नये म्हणून काय करता येते?

खड्डा पडतो कसा?

डांबरी थरात वजनाने साधारण ९५ टक्के खडी आणि कच असते, डांबर जेमतेम ५ टक्के. तेच सगळे धरून ठेवते. ऊन आणि हवेतील ऑक्सिजनमुळे डांबर हळूहळू कडक, ठिसूळ होते. काळाकुळकुळीत रस्ता करडा दिसू लागतो, बारीक भेगा पडतात. भेगांतून पाणी आत शिरते आणि वाहनांच्या चाकांच्या दाबाखाली खडीवरची डांबराची पकड सोडवते. खालचा थर भिजून कमकुवत होतो आणि वरचा तुकडा निघून येतो. म्हणजे खड्डा पावसात दिसतो, पण त्याची सुरुवात आधीच्या उन्हाळ्यांत झालेली असते.

सील कोट काय करतो?

भेगा बुजवून रस्त्यावर डांबराचे पातळ आवरण देणे, म्हणजे सील कोट. पाणी आणि हवा आत जाऊ नये, हा हेतू. त्याचे काही प्रकार :

• फॉग सील : पाण्यात मिसळलेल्या डांबराची, म्हणजे इमल्शनची हलकी फवारणी.
• स्लरी सील : इमल्शन, बारीक कच आणि पाणी यांचे पातळ मिश्रण पसरवणे.
• मायक्रोसर्फेसिंग : यात पॉलिमरयुक्त इमल्शन वापरतात. थर साधारण ४ ते ८ मिलिमीटरचा. एक-दोन तासांत वाहतूक सुरू करता येते.

शेवटच्या दोन प्रकारांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची स्वतंत्र मार्गदर्शिका आहे. म्हणजे तंत्र नवे नाही.

मग सगळीकडेच का करू नये?

कारण हे औषध नाही, लस आहे. सील कोटने रस्त्याची ताकद वाढत नाही. पाया खचलेला असेल किंवा पाण्याचा निचरा होत नसेल, तर वरचे आवरण म्हणजे नुसता मुलामा. रस्ता कोरडा आणि स्वच्छ हवा. इमल्शन तपकिरी असते, त्यातले पाणी सुटले की काळे होते. त्याआधी पाऊस आला तर सगळे वाहून जाते. त्यामुळे हे काम पावसाळा संपल्यावरच करायचे.

पुण्याचा जंगली महाराज रस्ता १९७६ मध्ये दहा वर्षांच्या हमीवर बांधला गेला आणि त्यानंतरही कित्येक वर्षे टिकला. मुळात चांगले बांधलेले असेल, तरच जपण्यात अर्थ आहे.

डांबर कोणते, हेही महत्त्वाचे

आपण सरसकट ‘डांबर’ म्हणतो, पण वस्तू दोन आहेत. रस्त्यावरचे डांबर, म्हणजे बिटुमेन, खनिज तेलाच्या शुद्धीकरणातून मिळते. कोल टार कोळशापासून बनते. कपाटातल्या डांबरगोळ्यांना नाव मिळाले ते त्यावरूनच. कोल टारच्या सील कोटमधून कर्करोगकारक घटक पाण्यात मिसळतात, म्हणून अमेरिकेतील ऑस्टिन शहराने २००६ पासून त्यावर बंदी घातली.

तुम्ही काय विचाराल?

खड्डा किती तासांत बुजवला, याचा हिशेब आता मागता येतो. त्यासोबत आणखी एक प्रश्न वॉर्ड ऑफिसला किंवा सोसायटीच्या बैठकीत विचारा : या रस्त्याच्या भेगा शेवटच्या कधी बुजवल्या? ऑक्टोबर ते मे या काळात याचे उत्तर मिळाले नाही, तर जूनमध्ये ते रस्त्यावरच दिसेल.