नकाशावरचा लाल ठिपका कोणाच्या वावरातला?



मार्च महिन्यातली गोष्ट. परिसर अभ्यासाच्या तासाला पाचवीच्या मुलांना नासाचा 'फर्म्स' हा आगीचा नकाशा दाखवत होते. तो कोणालाही मोफत बघता येतो. उपग्रहाला जिथं आगीची उष्णता जाणवते, तिथं लाल ठिपका उमटतो. दौलताबादच्या बाजूला एक ठिपका दिसला आणि एक मुलगा हळूच म्हणाला, "मॅडम, हा आमच्या वावरातला हाय का? पप्पांनी काल पऱ्हाट्या पेटवल्या." वर्ग हसला. त्याची मान खाली गेली.

ती खाली गेलेली मान माझ्या मनातून जात नाही. माझं स्पष्ट मत आहे की धूर आणि धुळीचे उपग्रह नकाशे प्राथमिक वर्गात दाखवलेच पाहिजेत. मात्र ते कोणाला पकडण्यासाठी नकोत. आणि दाखवणाऱ्याला त्या नकाशाची मर्यादा आधी माहीत हवी.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर गणितच मांडलं. या ठिपक्यामागचा चौकोन साधारण ३७५ मीटर लांब आणि तेवढाच रुंद असतो. म्हणजे सुमारे १४ हेक्टर, ३५ एकर! ठिपका त्या चौकोनाच्या मध्यावर दाखवतात. आग त्यात नेमकी कुठं होती, हे नकाशा सांगत नाही. शिवाय हे उपग्रह आपल्यावरून दुपारी आणि रात्री दीडच्या सुमारास जातात. संध्याकाळी सहाला पेटवलेला बांध आठला विझला, तर ठिपकाच उमटणार नाही. ठिपका नाही म्हणून धूर झालाच नाही, असं म्हणता येत नाही.

धुळीचं तर आणखी वेगळं. २३ जानेवारी २०२२ ला मुंबईत गाड्यांवर पांढुरकी पूड साचली होती. ती धूळ पाकिस्तानच्या बाजूनं अरबी समुद्रावरून आली होती आणि उपग्रहाच्या चित्रांत तिचा पट्टा समुद्रावर दिसत होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये इथिओपियातल्या हायली गुब्बी ज्वालामुखीची राख थेट उत्तर भारतापर्यंत आली. तीही उपग्रहांनी टिपली. पण ती खूप उंचावरून गेली. वरून दिसलं म्हणजे ते आपल्या नाकात गेलंच, असं नसतं. हा फरक मुलांना समजला पाहिजे.

म्हणून वरच्या चित्राला खालच्या निरीक्षणाची जोड द्या. आम्हाला शाळेच्या गच्चीवरून देवगिरीचा किल्ला दिसतो. मुलं रोज सकाळी दहाला वहीत लिहितात: स्पष्ट, पुसट किंवा दिसत नाही. मग त्या दिवसाचं उपग्रहाचं चित्र बघतो. कधी जुळतं, कधी नाही. नाही जुळलं की प्रश्न सुरू होतात. धुकं होतं का? वारा कुठून होता? जवळ कुठं कचरा जळत होता का? माझ्या मते खरा पाठ इथंच होतो.

या वहीचा उपयोगही व्हायला हवा. किल्ला धुरानं किंवा धुळीनं दिसेनासा झाला, त्या दिवशी मैदानावरची कवायत वर्गात घ्या. पालकांनो, मुलाला दमा असेल तर वर्गशिक्षकांना नक्की सांगा. लपवू नका.

आणि पऱ्हाट्या? गुलाबी बोंडअळीसाठी शेत वेळेवर मोकळं करावं लागतं. उपटायला मजूर मिळत नाही, कुट्टीच्या यंत्राला भाडं लागतं. हे सगळं त्या मुलाच्या वडिलांना रोज दिसतं. त्यांना 'प्रदूषण करणारे' ठरवून आपण मोकळे होऊ शकत नाही. गावानं मिळून एक कुट्टी यंत्र आणायचं म्हटलं तर किती खर्च येईल, हा हिशोब मुलांना करू द्या.

फळ्यावरचं गणित संपल्यावर तो मुलगा म्हणाला, "आमचं तर दोनच एकर हाय. मग बाकीचे तेहतीस कोणाचे?" या वेळी कोणी हसलं नाही. सगळे नकाशावर वाकून बघायला लागले.

तुमच्या शाळेतून लांबचं काय दिसतं? डोंगर, पाण्याची टाकी, मनोरा, काहीही चालेल. उद्यापासून वही सुरू करा.