‘पॉज’चं बटण कुणाचं?

वरसे, रोहा, धाटाव या पट्ट्यात राहणाऱ्याला केमिकल कारखाना म्हणजे काय, हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. घरातलं नाहीतर शेजारचं कुणीतरी धाटावच्या एमआयडीसीत कामाला असतंच. पण त्या कारखान्यात एक गोष्ट कुणालाच करता येत नाही : चूक करून बघणं. रिॲक्टर गार ठेवणारं पाणी बंद पडलं तर काय होईल, हे ‘चला, बघू या’ म्हणून बघता येत नाही. त्यासाठीच सिम्युलेशन असतं. तिथे टाकी उतू गेली तरी कुणाला भाजत नाही.

केमिकलवाल्यांनी डीडब्ल्यूसिमचं नाव ऐकलं असेल. हे मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअर. आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प देशभरातल्या कॉलेजांमध्ये त्याचा प्रसार करतो. टाकी, पंप, व्हॉल्व्ह माऊसने ओढून आणायचे, रेषांनी जोडायचे, की प्रोसेसचं चित्र तयार. सुरुवातीला आपण स्थिर अवस्थेचं गणित करतो, त्यात वेळेला जागाच नसते. डायनॅमिक मोड लावला, की घड्याळ सुरू होतं. टाकी हळूहळू भरते, दाब चढतो, कंट्रोलर व्हॉल्व्ह उघडतो. खरी गंमत इथे आहे आणि खरं शिक्षणही. पण तिथवर पोचायचं तर आधी इंटिग्रेटर ठरवा, वेळेची पायरी द्या, त्याला शेड्यूल जोडा, मग वेगळ्या पॅनेलमधून ‘रन’ करा. सरावलेल्याला याचं काही वाटत नाही. पहिल्यांदा उघडणारा मात्र इथेच अडखळतो.

आमचं म्हणणं इतकंच, की सिम्युलेशनमधलं घड्याळ ही शोभेची वस्तू नाही. चालू, थांब, एक पायरी पुढे, हळू, पुन्हा पहिल्यापासून, ही पाच बटणं म्हणजेच शिकण्याची जागा. दाब चढायला लागला त्या क्षणी थांबून ‘आत्ता नेमकं काय बदललं?’ असं विचारता आलं, तरच डोक्यात प्रकाश पडतो. नाहीतर तो नुसता व्हिडिओ.

आता विचार करा, हा ‘पॉज’ कुणाला दाबता येतो? ज्याचा हात थरथरतो, त्याला नखाएवढ्या बटणावर माऊस नेमका टेकवता येत नाही. ज्याला लाल-हिरवा फरक दिसत नाही, त्याला ‘चालू’ आणि ‘बंद’ सारखेच. ज्याला दिसतच नाही, त्याचा स्क्रीन रीडर नाव न दिलेल्या बटणावर येऊन नुसतं ‘बटण’ म्हणतो आणि गप्प बसतो. ब्लेंडरचंच घ्या. स्पेसबार दाबला की ॲनिमेशन चालू, पुन्हा दाबला की बंद. किती सोपं! पण ब्लेंडर आपला पडदा स्वतःच रंगवतो, त्यामुळे त्यावरची बटणं स्क्रीन रीडरला वाचताच येत नाहीत. म्हणजे दार उघडं, पण दार कुठे आहे ते कळत नाही.

हे जमत नाही असं नाही. कोलोरॅडो विद्यापीठाचा फेट प्रकल्प बघा. नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वायमन यांनी तो 2002 साली सुरू केला. त्यातली कितीतरी सिम्युलेशन्स मराठीतही आहेत. वेळेनुसार चालणाऱ्या बऱ्याच सिम्युलेशन्समध्ये खालीच ठळक ‘चालू-थांब’ आणि शेजारी एक पायरी पुढे जाण्याचं बटण असतं, काहींत ‘हळू’चा पर्यायही. अनेक सिम्युलेशन्स नुसत्या कीबोर्डवर चालतात, काही बोलून वर्णनही करतात. वेबसाठीचे जागतिक सुलभता निकषही सांगतात, की आपोआप सुरू होऊन 5 सेकंदांपेक्षा जास्त चालणारी हालचाल वापरणाऱ्याला थांबवता आली पाहिजे. आपल्याकडे 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आहे, त्यात अपंगत्वाचे 21 प्रकार धरलेत. नियम आहेत, नमुनेही आहेत. राहते ती बनवणाऱ्याची सवय.

‘आमच्या वर्गात असं कुणी नाहीच’, असं म्हणाल. पण बटणच दाबता येत नसेल, तर तो वर्गात येईल कशाला? आणि सोय एकासाठी केली तरी वापरतात सगळे. टचपॅड बिघडलेल्या जुन्या लॅपटॉपवर सबमिशनच्या आदल्या रात्री बसलेल्यालाही कीबोर्डच तारतो.

लोणेरेच्या तंत्रशास्त्र विद्यापीठात असा, रोह्याच्या कॉलेजात असा, की मुंबई-पुण्यात, तुमच्यातले बरेच जण यंदा प्रोजेक्टमध्ये काहीतरी हलतं-चालतं बनवणार. सादर करण्याआधी एक करा. माऊस काढून ठेवा आणि नुसत्या टॅब, एंटर, स्पेसवर आपलं सिम्युलेशन चालू करून, थांबवून, मागे नेऊन दाखवा. अडलात, तर ते दुरुस्त करा. बटणाला रंगाबरोबर नाव द्या, तेही मराठीत दिलंत तर उत्तम. डीडब्ल्यूसिम, ब्लेंडरसारख्या मुक्त सॉफ्टवेअरचा कोड सगळ्यांना खुला असतो. अडचण नीट लिहून कळवणं हेही योगदानच, आणि त्याला कोडिंग यावंच लागतं असं नाही.

उद्या धाटावच्या एखाद्या कंट्रोल रूममध्ये तुमच्यापैकीच कुणीतरी बसलेलं असेल. तिथे वेळ थांबवता येणार नाही. जिथे थांबवता येते, तिथे तरी ती सगळ्यांना थांबवता येऊ द्या.