दीडशेच्या उंबरठ्यावरची गोपालक संघटना

अमेरिकेतील टेक्सास राज्यात १८७७ मध्ये ग्रॅहम या गावी सुमारे ४० गोपालक एकत्र आले. मोकळ्या कुरणांतून गुरे चोरीला जात होती आणि एकट्यादुकट्याला चोर सापडत नव्हता. त्यातून उभी राहिलेली संघटना आता दीडशेच्या उंबरठ्यावर आहे. १९२१ मध्ये तिने दुसरी एक संघटना सामावून घेतली, नावही बदलले. मूळ काम मात्र सोडले नाही. आजही तिचे निरीक्षक गुरांच्या बाजारात डागाच्या खुणा नोंदवतात, आणि पोलिसी अधिकार असलेले तिचे अधिकारी चोरीचा माग काढतात.

आता नवे प्रश्न आले आहेत. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतील गुरांची संख्या ८ कोटी ६७ लाखांवर आली. १९५१ नंतरची ही सर्वांत कमी. त्याच वर्षी जखमेतले जिवंत मांस खाणाऱ्या अळीच्या धास्तीने मेक्सिकोतून येणारी गुरे थांबवावी लागली. हे एकट्या गोपालकाला झेपणारे नाही.

नवे पदाधिकारी निवडणे सोपे असते. वर्गणीच्या बदल्यात सभासदाच्या पदरात काय पडते, हा खरा ताळेबंद. आपल्या मंडळात तरुण कुटुंबे वर्गणी भरताना का रेंगाळतात, याचा विचार आपणही याच हिशेबाने करावा, असे आम्हांस वाटते.