उभ्या पायांची कैफियत

गेल्या वर्षी गौरीजेवणाची पंगत उठली, तेव्हा पहाटेपासून ओट्यापाशी उभ्या असलेल्या आमच्या वहिनी भिंतीला टेकून बसल्या. त्यांच्या घोट्यावर बांधलेली चिंधी आमच्या दृष्टीस पडली. तिच्याखाली दोन महिने न भरलेली जखम होती. आम्ही विचारताच त्या म्हणाल्या, "अहो भावजी, पायांकडे बघायला सवड कुणाला असते?" पोटरीवरच्या निळ्या, नागमोडी शिरा त्यांनी कित्येक वर्षे साडीच्या काठाआड झाकल्या होत्या. जखमेचे मूळ त्या शिरांतच होते.

पायांतील रक्ताला हृदयाकडे परतताना चढण चढावी लागते. चालताना आवळणारी पोटरी त्याला वर ढकलते आणि शिरांतील झडपा त्याला खाली घसरू देत नाहीत. झडपा दुबळ्या झाल्या की रक्त साचते व शिरा फुगतात. यांनाच डॉक्टर 'व्हेरिकोज व्हेन्स' म्हणतात. आनुवंशिकता, गर्भारपण आणि वाढते वजन यांबरोबरच तासन् तास एका जागी उभे राहणे हेही त्याचे कारण असते. गृहिणी, शिक्षक, दुकानदार आणि एके काळी इंदूरच्या गिरण्यांत साच्यापुढे पाळीभर उभे राहणारे कामगार, साऱ्यांची कैफियत एकच. पाय चालण्याने नव्हे, खिळून राहण्याने शिणतात.

फुगलेली शीर पथ्याने पूर्ववत होत नाही, हे आम्ही प्रथमच सांगतो. परंतु ठणका व सूज निश्चित कमी होऊ शकते. भाजी निवडणे, पोळ्या लाटणे ही कामे बसून करावीत. उभे राहावेच लागले तर अधूनमधून टाचा उचलाव्यात, चार पावले टाकावीत. रोज अर्धा तास चालावे. दिवसातून तीन-चार वेळा, पंधरा मिनिटे, लोडावर पाय हृदयाहून उंच ठेवून पडावे. मीठ बेताचे असावे. बद्धकोष्ठ टाळण्यासाठी पालेभाज्या व कोंड्यासहित पिठाची पोळी खावी. लवचीक पायमोजे डॉक्टरांनी माप घेऊन दिलेलेच वापरावेत आणि ते सकाळी सूज येण्यापूर्वी चढवावेत.

घोट्याजवळची कातडी काळवंडली किंवा जखम भरेना, तर विलंब करू नये. एकच पाय एकाएकी सुजून दुखू लागल्यास तो चोळू नये. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. श्वास लागला किंवा छातीत दुखले, तर तत्काळ रुग्णालयात जावे. शीर फुटून रक्त वाहिल्यास आडवे होऊन पाय उंच धरावा, स्वच्छ फडक्याने घट्ट दाबावे व डॉक्टरांना बोलवावे.

वहिनींची जखम उपचारांनी भरली. यंदाच्या गौरीजेवणाला त्यांनी पुरणपोळ्या टेबलाशी बसून लाटल्या आणि तव्यापाशी आम्ही व आमचे चिरंजीव आळीपाळीने उभे राहिलो. काही पोळ्या करपल्या, हे कबूल करतो. परंतु त्या रात्री वहिनींचे पाय ठणकले नाहीत.