चौकाचे सोंग

रविवारची मिस्सा आटोपली की आपली अनेक कुटुंबे आता मॉलकडे वळतात. या नव्या सवयीविषयी आपल्या व्यासपीठांवरून दोनच सूर ऐकू येतात. एक सूर चंगळवादाच्या नावाने बोटे मोडणारा, तर दुसरा ‘काळाबरोबर चालले पाहिजे’ असे सांगून विषय मिटवणारा. दोन्ही सूर मूळ प्रश्नाला बगल देतात. मॉलमध्ये किती पैसे उडतात हा दुय्यम प्रश्न आहे. ती जागा कोणाची आणि तेथे आपण कोण, हा खरा प्रश्न. ज्या गृहस्थाने मॉलला जन्म दिला, त्याची हकीकत या संदर्भात मुळापासून समजून घेण्यासारखी आहे.

व्हिक्टर ग्रुएन यांचा जन्म १९०३ साली व्हिएन्ना शहरात झाला. ते ज्यू होते, व्यवसायाने वास्तुरचनाकार होते. १९३८ साली हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर त्यांनी अमेरिकेची वाट धरली. तेथील उपनगरे पाहून त्यांचा जीव गुदमरला. घरे टुमदार, अंगणे हिरवीगार, पण मोटारीवाचून पाऊल टाकता येत नाही आणि शेजाऱ्याशी दोन शब्द बोलायला जागा नाही! व्हिएन्नाचे चौक व कॉफीगृहे अनुभवलेल्या या माणसाने मनाशी ठरवले की या विखुरलेल्या वस्तीला आपण एक चौक द्यायचा.

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात, मिनिआपोलिस शहराला लागून असलेल्या ईडायना या उपनगरात ८ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांचे ‘साउथडेल’ खुले झाले. संपूर्ण बंदिस्त आणि आतील हवामान बारमाही एकसारखे राखणारा तो पहिला मॉल. दोन मजले, ७२ दुकाने, आणि डेटन व डोनाल्डसन ही दोन प्रतिस्पर्धी दालने एकाच छपराखाली. बाहेर हाडे गोठवणारा हिवाळा असताना आत झाडे, पक्षी आणि बसायला उपाहारगृह. ग्रुएन यांच्या आराखड्यात मात्र दुकाने हा केवळ एक भाग होता. घरे, शाळा, आरोग्यसेवा, बाग, तळे असे एक आखीवरेखीव गावच त्यांना वसवायचे होते. प्रत्यक्षात दुकाने झाली, त्यांच्याभोवती मोटारी उभ्या करण्याची अफाट मैदाने झाली, आणि गाव कागदावरच राहिले.

असे का व्हावे? उत्तर साधे आहे. चौकातून भाडे मिळत नाही, दुकानातून मिळते. त्यातच १९५४ साली अमेरिकेच्या करकायद्याने नव्या इमारतींचा घसारा सुरुवातीच्या वर्षांतच मोठ्या प्रमाणात वजा करण्याची मुभा दिली. त्यामुळे इमारत बांधणे हाच कर वाचवण्याचा राजमार्ग ठरला. लोकांना गरज असो वा नसो, शहराबाहेरच्या स्वस्त शेतजमिनींवर मॉल उगवू लागले आणि जुन्या गावांच्या बाजारपेठा ओस पडू लागल्या. ग्रुएन १९६८ साली व्हिएन्नाला परतले. पण त्यांच्या त्या लाडक्या शहराच्या दक्षिण वेशीवरही १९७६ साली एक अवाढव्य मॉल उभा राहिला. १९७८ साली लंडनमधील एका भाषणात त्यांनी आपल्या या अपत्यांचे पितृत्वच नाकारले. दोन वर्षांनी ते निवर्तले.

बापाने टाकलेले हे मूल आपण मात्र कौतुकाने कडेवर घेतले आहे!

चौक आणि मॉल यांतील भेद अमेरिकेच्या न्यायालयांनी जितका स्पष्ट केला तितका कोणा प्रवचनकारानेही केला नसेल. मॉल हा जुन्या बाजारपेठेच्या जागी आला आहे, तेव्हा तेथे शांततेने निदर्शने करण्याचा हक्क लोकांना आहे, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली मानले. १९७६ साली त्याच न्यायालयाने तो निर्णय फिरवला. पुढे १९८० साली, राज्यांनी हवे तर आपल्या राज्यघटनेनुसार असा हक्क द्यावा, एवढी फट त्याने ठेवली. साउथडेलपासून काही मैलांवर १९९२ साली ‘मॉल ऑफ अमेरिका’ सुरू झाला. प्राण्यांच्या कातड्याच्या कपड्यांविरुद्ध तेथे निदर्शने करणाऱ्यांना मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली सांगितले की ही खाजगी जागा आहे, येथे तुम्हांला तसा हक्क नाही. म्हणजे खरेदी करा, नाहीतर निदान मुकाट्याने फिरा. बोलायचे असेल तर बाहेर!

आपल्याकडे याहून वेगळे घडले काय? त्याच १९९९ साली मुंबईत हाजी अलीजवळ ‘क्रॉसरोड्स’ हा मॉल थाटात उघडला. सुरुवातीच्या काळात तेथे मोबाइल फोन किंवा क्रेडिट कार्ड जवळ असलेल्याला प्रवेश होता. इतरांनी प्रवेशशुल्क मोजायचे. ती अट फार काळ टिकली नाही, हे खरे. पण तिने एक गोष्ट उघड केली. मॉलच्या दारात माणसाची किंमत त्याच्या खिशावरून ठरते. आज दारावर तसा फलक नसतो. त्याची गरजही उरलेली नाही, कारण ज्याने ओळखायचे तो आपली पायरी ओळखून बाहेरच थांबतो.

यावर कोणी म्हणेल, ‘तेथे गारवा आहे, स्वच्छ शौचालय आहे, बायकामुलींना निर्धास्त फिरता येते, गावच्या रस्त्यावर यांतले काय आहे?’ हा आक्षेप खरा आहे आणि त्याची टिंगल करण्यात अर्थ नाही. पण हा मॉलचा विजय नसून आपल्या नगरपालिकांचा पराभव आहे. बागेसाठी राखलेली जमीन गिळली जाते, पदपथ नाहीसे होतात, मासळी विकणाऱ्या बाईला धड ओटा मिळत नाही, आणि मग तेच सुख आपण मालकाच्या मेहेरबानीने उपभोगतो. जे हक्काने मागायचे ते गिऱ्हाईक होऊन मिळवण्यात कसला आला पुरुषार्थ?

येरुशलेमच्या मंदिरात प्रभू येशूने सराफांचे चौरंग उलथले, हा प्रसंग आपण दरवर्षी ऐकतो. व्यापारी बसले होते ते परराष्ट्रीयांसाठी मोकळ्या असलेल्या बाहेरच्या अंगणात, असे भाष्यकार सांगतात. ज्याला आत जाण्याचा अधिकार नव्हता, त्याच्या प्रार्थनेची तेवढीच जागा होती. ती बाजाराने व्यापली. प्रभूचा कोप व्यापारावर नव्हता, त्या आक्रमणावर होता. पोप फ्रान्सिस यांनीही २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात शहरांतील सामायिक जागा जपण्याचा आग्रह धरला, तो याच न्यायाने. ‘हे गाव माझे आहे’ ही भावना अशाच जागांतून रुजते.

आपल्या धर्मग्रामांपाशी असे अंगण अजून आहे. चर्चच्या आवारात मिस्सेनंतर म्हाताऱ्या बोलत उभ्या राहतात, मुले धावतात, वाडीतली केळी आणि फुले घेऊन बाया बसतात. तेथे कोणी विचारत नाही की तू काय विकत घेतलेस. पण जमिनीचे भाव चढले की या मोकळ्या जागेकडे पाहण्याची नजरही बदलते. ‘रस्त्यालगत दुकानांचे गाळे काढू, धर्मग्रामाला उत्पन्न होईल,’ असा हिशेब ज्या सभेत मांडला जाईल, त्या सभेत प्रत्येक कुटुंबाने उठून विरोध केला पाहिजे. शाळेला, दवाखान्याला पैसा लागतो, हे मान्य. तो आपण वर्गणीने उभा करू, जत्रेने उभा करू. अंगण मात्र एकदा गेले की परत मिळत नाही.

साउथडेलच्या आवारात, मॉल उघडून अर्धे शतक उलटल्यावर, अखेर सदनिका उभ्या राहिल्या. ग्रुएन यांनी १९५६ सालापूर्वीच कागदावर आखलेल्या त्या घरांसाठी एका श्रीमंत देशाला इतकी वर्षे लागली. आपल्यापाशी तेवढा पैसा नाही आणि तेवढा वेळही नाही. म्हणून आवारातल्या त्या मोकळ्या मातीवर येत्या रविवारी जरा जास्त वेळ थांबा, आणि पुढील सभेचा दिवस विसरू नका.