दुसऱ्या पानावरचा प्रश्न

माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं, त्यामुळे घरात इंग्रजी कागद आला की तो माझ्याकडेच सरकवला जातो. मागच्या वर्षी आप्पांच्या (आजोबांचे धाकटे भाऊ) मणक्याचा एम.आर.आय. होता. आप्पांचं डायलिसिस चालू आहे. देवपूरहून रिक्षा केली, पांझरेचा पूल ओलांडून सेंटरवर पोचलो. हातात दोन पानी इंग्रजी फॉर्म आला.

"काय लिखेल शे रे भाऊ?" आप्पांनी विचारलं.

"काही नाही आप्पा, नेहमीचंच."

खरं सांगतो, मी नीट वाचलंच नव्हतं! पेसमेकर, रॉड वगैरे बघितलं आणि पुढे 'नो', 'नो' करत सुटलो. किडनीचा प्रश्न दुसऱ्या पानावर होता. आप्पांच्या हातावरची फिस्टुलाची फुगलेली शीर टेक्निशियनला दिसली आणि त्याने सरळ विचारलं, "डायलिसिस चालू शे का?" मग डॉक्टरांनी इंजेक्शन न देताच स्कॅन केला.

घरी येऊन वाचलं तेव्हा घाम फुटला. त्या इंजेक्शनात असतो गॅडोलिनियम, अणुक्रमांक 64. त्याचे सात इलेक्ट्रॉन जोडीविना असतात, म्हणून चित्र ठळक येतं. पण मोकळा गॅडोलिनियम विषारी, म्हणून तो रेणूच्या पिंजऱ्यात कोंडून देतात. धडधाकट किडनी हा पिंजरा लवकर बाहेर टाकते. किडनी निकामी असेल तर तो अंगातच रेंगाळतो, आणि पिंजरा सैल असला तर धातू सुटतो. मग कातडी लाकडासारखी कडक होते, गुडघे-कोपरे वाकेनासे होतात. नाव नेफ्रोजेनिक सिस्टेमिक फायब्रोसिस. खात्रीचं औषध नाही.

पहिले रुग्ण अमेरिकेत 1997 मध्ये दिसले. कारण मात्र कळलं 2006 मध्ये, ऑस्ट्रियाच्या एका डॉक्टरमुळे. गंमत (कसली गंमत!) अशी, की आयोडीनच्या इंजेक्शनापेक्षा हे किडनीला बरं म्हणून अशाच पेशंटना मुद्दाम दिलं जायचं. 2007 मध्ये अमेरिकेत औषधावर ठळक इशारा छापणं सक्तीचं झालं. आधी किडनी तपासायची पद्धत पडली, घट्ट, कड्यासारखे पिंजरे वापरात आले आणि नवे रुग्ण जवळपास थांबले. आता धोका फारच कमी आहे, त्यामुळे एम.आर.आय.ला घाबरायचं कारण नाही.

पण बघा ना, हा रोग आटोक्यात आणण्यात मोठा वाटा एका प्रश्नाचा आहे, आणि तोच प्रश्न आपल्याकडे इंग्रजीत, बारीक अक्षरात! जिल्हा रुग्णालयात डायलिसिस मिळावं म्हणून 2016 मध्ये केंद्राने योजना आणली. खेड्यापाड्यातली माणसं आता मशीनपर्यंत पोचतात. त्यांनी हा फॉर्म कुणाकडून वाचून घ्यायचा? माझ्यासारख्याकडून? मला इंग्रजी येत होतं, तरी उपयोग झाला नाही. प्रत्येक सेंटरने हा एक प्रश्न तरी मराठीत, पहिल्या पानावर, मोठ्या अक्षरात छापावा आणि तोंडीही विचारावा. त्याला खर्च तो काय येणार?

तोवर आप्पांच्या फाईलवर मी लाल स्केचपेनने लिहून ठेवलंय, "डायलिसिस चालू आहे. इंजेक्शनआधी डॉक्टरांना सांगा." आप्पा म्हणतात, अक्षर अजून मोठं काढ.