घोरण्याचा हिशेब

घरातला कर्ता माणूस घोरू लागला की 'दिवसभराचा शिणवटा आहे, गाढ झोप लागली' असे म्हणून आपण ती गोष्ट हसण्यावारी नेतो. परंतु ते घोरणे मध्येच थांबत असेल, काही क्षण श्वासच बंद राहून मग तो दचकल्यासारखा सुरू होत असेल, तर ती झोप विश्रांतीची नव्हे, झटापटीची असते. वैद्यक तिला 'स्लीप ॲप्निया' म्हणते.

हृदयाशी या विकाराचे नाते दुहेरी आहे. घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग मिटला की रक्तातील प्राणवायू घटतो, रक्तदाब उसळतो आणि हृदयावरील भार वाढतो. तीव्र विकारात हे तासाला ३० किंवा त्याहून अधिक वेळा घडते. उलटपक्षी, हृदय आधीच दुबळे झाले असेल, तर मेंदूचे श्वसनावरील नियंत्रण डळमळते व घसा मोकळा असूनही श्वास थांबतो. डब्लिनचे वैद्य जॉन चेन यांनी १८१८ मध्ये आणि विल्यम स्टोक्स यांनी १८५४ मध्ये श्वासाच्या या भरती-ओहोटीची नोंद केली होती. व्याज फेडण्यासाठी नवे कर्ज काढणाऱ्या कुळाची जी गत, तीच या रुग्णाची.

उपाय नाही असे नाही. नाकावाटे दाबाखालील हवा देऊन घसा उघडा ठेवण्याची पद्धत सिडनीत कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये मांडली. मात्र सरसकट यंत्र बसवणे हाही उपाय नव्हे. ज्यांचे हृदय दुबळे आहे व श्वास मेंदूच्या पातळीवर अडतो, अशा रुग्णांत श्वासागणिक दाब बदलणाऱ्या एका यंत्राने हृदयविकाराचे मृत्यू वाढल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आढळले. म्हणून आधी निदान, मग यंत्र, हाच क्रम हवा.

आणि निदानाची पहिली अडचण पैशाची नाही, साक्षीची आहे. रुग्ण स्वतः निद्रिस्त असतो. हृदय दुबळे झालेल्या अनेकांना दिवसा पेंगही येत नाही. खरी साक्षीदार असते शेजारी जागी असलेली पत्नी, आणि तिला कोणी विचारत नाही. हृदयरोग्याचा रक्तदाब मोजणाऱ्या डॉक्टरांनी 'रात्री श्वास अडतो का?' हा प्रश्न तिलाही विचारावा. तिनेही संकोच सोडून उत्तर द्यावे. या एका प्रश्नाला खर्च काहीच नाही. तो न विचारण्याची किंमत मात्र फार मोठी आहे.